तीन जीपीएस आणि तुरीतला रस्ता

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर फक्त चुका काढायला वाचत आलो. अमावस्या म्हणायचं आणि पुढच्याच ओळीत चांदणं पाडायचं... असं दिसलं की मी लगेच खाली कॉमेंट टाकायचो. अमरावतीत ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवतो, एकोणीस वर्षं झाली. नकाशात आहे ते आहे, नाही ते नाही, एवढाच माझा धर्म. तेव्हा आता हे वाचून तुम्ही माझ्या चुका काढणार हे मला माहीत आहे. काढा. मी स्वतः दोन वर्षं काढतो आहे, सापडत नाहीत.

काळ सांगायचा तर कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली त्याच्या दुसऱ्या वर्षीचा डिसेंबर. ठिकाण – अमरावतीहून भातकुलीमार्गे दर्यापूरला जाताना, दर्यापूरच्या साडेसात किलोमीटर अलीकडचा फाटा. गावाचं नाव देत नाही, कारण ती माझी सासुरवाडी आहे आणि मला तिथे अजून जेवायला जावं लागतं.

मला लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा नाद आहे. दोनशे, तीनशे किलोमीटर, ठरलेल्या वेळेत. आदल्या हिवाळ्यात तीनशेच्या राइडला मूर्तिजापूरच्या पुढे मोबाइलची बॅटरी संपली, मी भलत्याच फाट्याला वळलो आणि एकोणतीस मिनिटं उशिरा पोचून बाद झालो. भूगोलाचा मास्तर रस्ता चुकला ही बातमी स्टाफरूममध्ये माझ्या आधी पोचली होती. त्या दिवशी ठरवलं, सायकलवर लावायचा जीपीएस कॉम्प्युटर घ्यायचाच.

घ्यायचा म्हणजे आधी निवडायचा, आणि निवडायला मला सात महिने लागले. नकाशावाला की नुसती रेघ दाखवणारा? टचस्क्रीन की बटणांचा? घामेजलेल्या बोटाने टचस्क्रीन चालतो का? बॅटरी पंधरा तासांची की चाळीस? मी एक्सेल शीट केली, तिच्या रकान्यांना रंग दिले, परदेशी लोकांचे तासतासभराचे व्हिडिओ पाहिले. वैशाली, म्हणजे माझी बायको, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मले पाहाले आलते तवा पंधरा मिनिटात हो म्हनलं तुमी. ते बी पोहे खाता खाता. अन् ह्या डबीले सात महिने?"

मी म्हणालो, तुझी बॅटरी किती चालते हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही. त्यानंतर दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं.

शेवटी अकोल्याच्या जमीलभाईंनी मार्ग काढला. त्यांचं सायकलचं जुनं दुकान आहे, आणि माझे प्रश्न फोनवर ऐकून ऐकून ते थकले होते. म्हणाले, "सर, एक काम करा. तिन्ही जाकड न्या." जाकड म्हणजे पसंत पडलं तर ठेवायचं, नाहीतर परत. आमच्याकडे लग्नाच्या साड्या अशाच नेतात. "बैल घेतानी गाडीले जुंपून पाहाता ना? तसं याइले बी जुंपून पाहा. आठ दिवसांनी सायकलवरच अकोल्याले या, जो आवडला तो ठेवा. बात खतम."

मी तिन्ही आणले. एक मोठा, रंगीत नकाशाचा आणि टचस्क्रीनचा – त्याला थोरला म्हणू. दुसरा नकाशाशिवाय, तुम्ही भरलेल्या मार्गाची नुसती रेघ दाखवणारा – मधला. तिसरा कोणाचा तरी वापरलेला, जाड बटणांचा. तो रस्ता सांगतच नाही, आपण कुठून गेलो एवढंच मुकाट्याने नोंदवतो – धाकटा. तिन्ही एकाच वेळी हँडलवर लावले, म्हणजे तुलना शास्त्रीय होईल. कॅम्प भागात एका आजोबांनी थांबवून विचारलं, लाइटीचे मीटर वाटून राहिले का म्हणून.

आठवडाभरात एवढंच कळलं की या तिघांचं कशावर म्हणून एकमत होत नाही. घर ते कॉलेज एकाच्या मते चार किलोमीटर सहाशे, दुसऱ्याच्या मते चार सातशे वीस, आणि धाकटा तर मला रोज एका विहिरीतून नेऊन आणायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता सासऱ्यांचं सांगतो. नामदेवराव, वय अडुसष्ट, आठ एकर काळी जमीन. वावरात जायला पांदण होती, म्हणजे दोन बाजूंच्या शेतांमधून जाणारी सरकारी गाडीवाट. शेजारचे गुलाबराव दर हंगामाला नांगर हातभर आत घालत गेले आणि पाच-सात वर्षांत पांदण त्यांच्या शेतात जिरून गेली. आता तिथे तूर उभी होती. नामदेवरावांना सोयाबीन डोक्यावर घेऊन नाल्याच्या बांधाने दीड किलोमीटर चालत रस्त्यावर आणावं लागे. थ्रेशर आत जात नसे. एका वर्षी असाच रस्त्याकडेला ठेवलेला ढीग पावसात भिजला आणि त्याला कोंब फुटले.

तहसीलमध्ये अर्ज केला होता. गुलाबरावांचं म्हणणं एकच – इथं पांदण कधी नव्हतीच. तलाठ्याकडच्या गावनकाशात पाहावं तर कागदाची घडी नेमकी तिथेच फाटलेली, आणि माझ्यासारख्या नकाशावाल्या जावयाला हात चोळत बसायची वेळ आलेली. तहसीलदार मंगळवारी जागेवर पाहणीला येणार होत्या. नामदेवरावांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "यंदा रस्ता नाही निंगाला तं वावर इकतो. ज्या वावरात बंडी जात नाही ते ठिवून काय करू?" बंडी म्हणजे बैलगाडी. विकत घेणार कोण, तर ज्याच्या ताब्यात वाट आहे तोच. वैशाली त्या आठवड्यात कमी बोलत होती.

तर त्या मंगळवारच्या आधीचा रविवार. मला तिन्ही यंत्रं घेऊन अकोल्याला जायचं होतं. अमरावती, भातकुली, दर्यापूर, अकोला असा शंभर-एक किलोमीटरचा मार्ग मी स्वतः आखून थोरल्यात आणि मधल्यात भरला होता. पहाटे साडेपाचला निघालो. वाटेत सासुरवाडीला चहा घ्यायचं ठरलं होतं, पण भातकुली सोडल्यावर आठवलं की पँट घरीच राहिली. हे जरा समजावून सांगायला हवं. सायकलिंगची चड्डी तंग असते. मागे एकदा मी तशाच अवतारात गावात गेलो होतो. तेव्हा नामदेवरावांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं होतं आणि अत्यंत आदराने म्हणाले होते, "जवाईबापू, तुमी शिकलेले हा. पन गावात येतानी पँट घालून येत जा." तेव्हापासून मी बॅगेत पँट ठेवायचो आणि फाट्यावरच्या निवाऱ्यामागे बदलायचो. त्या दिवशी पँट नाही म्हटल्यावर गाव टाळून सरळ पुढे जायचं असं मी ठरवलं.

फाट्याजवळ आलो तेव्हा सव्वासात झाले होते आणि धुवारी, म्हणजे धुकं, इतकी होती की स्वतःचं पुढचं चाक अंदाजाने चालवत होतो. तेवढ्यात थोरला वाजला. डावीकडे वळा. मधल्याकडे पाहिलं तर त्याचीही रेघ डावीकडे वळलेली. मी असं काही आखलं नव्हतं. पण दोघांचं पहिल्यांदाच पटलं होतं आणि गावही टळत होतं, म्हणून वळलो.

कच्ची वाट होती, पण छान. दोन चाकोऱ्या, मध्ये गवत, दोन्ही बाजूंना बाभळी. शेणाचा आणि कडब्याचा वास. शे-दीडशे मीटर गेलो असेन, तर पुढे बैलगाडी. घुंगरांचा आवाज आधी आला, मग गाडीचा मागचा भाग दिसला. बाजूने निघायला जागा नव्हती. मी घंटी वाजवली.

"दमानं या, भाऊ," गाडीवाला न वळता म्हणाला. "चाकोरी सोडू नका, बाजूनं काटे हायेत."

"हा रस्ता निघतो कुठं?"

"जिथं निंगाचा तिथंच निंगते." मग थोड्या वेळाने, "कोनाचे जवाई म्हना तुमी?"

"नामदेवरावांचा."

त्याने बैलांना चुचकारलं. "मंग असे कावून आले? चड्डीवर?"

मला राग आला. अहो, धुक्यात, माणूस नाही काणूस नाही, आणि तिथेही हाच विषय. तो जो कोणी होता – आणि तो कोण होता हेच मला आजपर्यंत कळलेलं नाही – तो नुसता बैल हाकत राहिला. मी त्याच्या मागे मागे रखडत राहिलो. मी कोणाचा तरी जावई आहे हे त्याला न सांगता कसं कळलं, हा प्रश्न मला थेट अकोल्यात पडला.

मग वाट उजवीकडे जरा वळली, घुंगरांचा आवाज थांबला, आणि मी एका विहिरीपाशी उभा होतो. विहीर ओळखीची होती. नामदेवराव पंपाच्या पेटीत हात घालून उभे होते.

"तुमी इकून कसे आले?" त्यांनी विचारलं.

"रस्त्यानं."

"कोन्त्या?"

मी मागे हात केला. मागे तूर होती. माझ्या डोक्याच्या वर गेलेली, फुलोऱ्यातली, घट्ट तूर, डावीकडे टोकापर्यंत आणि उजवीकडे टोकापर्यंत. बाभूळ एकही नाही. खरं सांगतो, सायकल सुटली हातातून.

नामदेवरावांनी काय करावं? त्यांनी आधी खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या कमरेला गुंडाळला. मग तुरीकडे गेले. धुऱ्याने, म्हणजे बांधाने, वीसेक पावलं इकडून, वीसेक पावलं तिकडून पाहून आले. एक झाड मोडलेलं नव्हतं. माझ्या हाताला ओरखडा नव्हता, चेनमध्ये पान अडकलेलं नव्हतं. फक्त दोन्ही टायरना ताजं शेण लागलं होतं. मी गाडीवाल्याचं सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, "बैल कसे होते?"

"दोन होते."

"दोनच रायते. रंग? शिंगं?"

मी पाहिलं नव्हतं. एकोणीस वर्षं पोरांना निरीक्षणाचं महत्त्व शिकवणाऱ्या माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही.

मग मी यंत्रं पाहिली. तिघांनीही वाट नोंदवली होती. सातशे चाळीस मीटर. तिघांचेही सातशे चाळीस, ना एक कमी ना एक जास्त, आणि वेग ताशी चार किलोमीटर. तुमच्यापैकी काही जण म्हणतील, सिग्नल भरकटला. मीही तेच म्हटलं असतं. पण तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिग्नल एकाच वेळी, एकाच बाजूला आणि बैलगाडीच्या चालीने भरकटतात का? घरी येऊन मी भरलेला मूळ मार्ग तपासला. त्यात फाट्यावर कुठलंही वळण नव्हतं, सरळ रेघ होती.

दुपट्टा नेसून गावात चहा घेतला. सगळे विचारायला लागले, जवाई असे कावून, आणि मी मूर्खासारखं सगळं सांगून टाकलं. अकोल्याला पोचलो, जमीलभाईंना रेघा दाखवल्या. त्यांनी तिन्ही स्क्रीन शेजारी शेजारी धरून पाहिले. मग म्हणाले, "सर, तिन्ही राहू द्या तुमच्याकडे. मंगळवार होऊ द्या. पसंद-नापसंद नंतर पाहू." त्यांच्या आवाजात थोडी भीती आणि बरीच मजा होती.

इकडे गावात गोष्ट फिरत फिरत गुलाबरावांकडे पोचली ती अशी – नामदेवच्या जवायानं तुमच्या तुरीतून सायकल घातली, अन् त्याच्यापाशी मशीनमधला पुरावा बी हाय. पुरावा म्हटल्यावर गुलाबराव सोमवारी उठले ते थेट तहसीलला. बाहेर निंबाखाली अर्ज लिहून देणारे बसतात, त्यांच्यातल्या एकाकडून पीक-नुकसानीची तक्रार लिहून घेतली, सही ठोकली, आत दिली.

मंगळवारी तहसीलदार मॅडम आल्या. तरुण, सांगलीकडच्या. तलाठी, पंच, आम्ही, आणि अर्धं गाव. गुलाबरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मॅडम, ह्या मानसानं माह्या उभ्या तुरीचा नास केला."

मॅडमनी मला विचारलं, "सर, तुम्ही इथून गेलात?"

मी पँट घालून आलो होतो, त्यामुळे आवाजात जोर होता. "गेलो. तिन्ही यंत्रांत नोंद आहे." मी दाखवली. तलाठ्याने मोजणीची टेप काढून रेघेशी ताडून पाहिलं, तंतोतंत जुळलं.

"मग नुकसान दाखवा," मॅडम गुलाबरावांना म्हणाल्या.

गुलाबराव तुरीत शिरले, पंच मागोमाग शिरले. अर्धा तास शोधलं. मोडकं झाड सापडेना. शेवटी पंचनाम्यात लिहिलं गेलं, नुकसान आढळून आले नाही.

मॅडम तोवर तक्रार वाचत होत्या. "अर्जावर सही तुमचीच ना?"

"माहीच हाय."

"शेताच्या चतुःसीमा दिल्यात. चारी बाजूंना काय काय आहे ते. दक्षिणेला काय लिहिलंय, वाचा जरा."

गुलाबरावांनी कागद लांब धरला. ओठ हलले. मग म्हणाले, "पांदण."

मॅडमनी कागद परत घेतला.

"ते... ते अर्ज लिवनाऱ्यानं लिवलं."

"त्यानं कशावरून लिहिलं?"

झालं होतं असं. अर्ज लिहिणाऱ्याने सवयीप्रमाणे चतुःसीमा विचारल्या. घाईत असलेल्या गुलाबरावांनी आपलं जुनं खरेदीखत त्याच्यापुढे टाकलं आणि चहा प्यायला गेले. त्याने खरेदीखतातलं जसंच्या तसं उतरवून काढलं. वर्षानुवर्षं जे नव्हतंच म्हणून सांगत होते, ते गुलाबरावांच्या स्वतःच्या खरेदीखतात होतं आणि आता त्यांच्या सहीने तहसीलमध्ये जमा झालं होतं. मी सायकल घातली नसती तर तक्रार झाली नसती, आणि तक्रार झाली नसती तर तो कागद पेटीतून बाहेर आला नसता. नामदेवराव माझ्याकडे पाहत नव्हते, तुरीकडे पाहत होते. मला मात्र रडू येत होतं आणि हसूही, दोन्ही एकदम. महिना-दीड महिन्यात तूर निघाली आणि आदेशाप्रमाणे पांदण मोकळी झाली.

जीपीएस कोणता घेतला, असं सायकलिंगच्या ग्रुपवर अजून विचारतात. अचूकता हा माझा पहिला निकष होता, आणि त्या सातशे चाळीस मीटरवर तिघेही सारखेच निघाल्याने एक्सेल शीटचा काही उपयोग राहिला नाही. वैशालीने धाकटा उचलला. म्हणाली, बटनं मोठी हायेत, थंडीत हातमोज्यानं दबतीन. चाललंय त्याच्यावर. तो आजही मला विहिरीतून नेतो.

गाडीवाल्याचा शोध मी खूप घेतला. गावात आता एकूण चारच बैलगाड्या उरल्यात, त्या दिवशी चारही गाडीवाले घरी होते. जमीलभाई म्हणतात उपकरणं मंतरलेली निघाली, नामदेवराव म्हणतात धुवारीत मानसाले काय बी दिसते, आणि बाकीचे आम्हाला विचारतात, मग शेण कुठलं? उत्तर कोणाकडे असेल तर जरूर लिहा, फक्त सिग्नलचं सोडून.

पांदणीतून पहिली गाडी गेली ती मार्चमध्ये, हरभऱ्याला. मी आणि वैशाली गेलो होतो. गाडी निघताना सासूबाई घरातून आल्या आणि चाकावर पाय देऊन वर चढून बसल्या. मला काही विशेष वाटलं नाही. वैशाली मात्र रडायला लागली. मग तिने सांगितलं तेव्हा कळलं. गुडघ्यांमुळे त्यांना नाल्याच्या बांधाने चालता येत नव्हतं. घरापासून जेमतेम दोन किलोमीटरवरच्या आपल्या वावरात त्या सहा वर्षं गेल्याच नव्हत्या. तहसीलच्या कागदांत सोयाबीन होतं, थ्रेशर होतं, बैलगाडी होती, त्यांचं नाव कुठेच नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं, आणि त्याची मला फार लाज वाटली.

वावरात उतरल्यावर नामदेवराव त्यांना हरभरा दाखवायला लागले. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. विहिरीजवळच्या निंबापाशी जाऊन त्यांनी खोडाला हात लावला. "म्या लावलं तवा एवढंसं होतं," त्या म्हणाल्या, "आता तं सावली पडून राहिली." मग त्या सावलीत बसल्या आणि दिवस मावळेपर्यंत कोणी बोलावलं तरी उठल्या नाहीत.